आटणारा करगोटा

मी एक करगोटा. काळ्या दोऱ्याचा, पोराच्या कमरेचा. आमच्या जातीला बोलायची सवय नाही. गपगुमान पोटाला बिलगून राहावं, एवढंच आमचं काम. पण माझ्यावर आळ आला, की मी आटतो. तेवढ्यासाठी तोंड उघडलं. सावकाश सांगतो, मला कुठं जायचं नाही.

बिरवाडीच्या बाजारात मी लडीत होतो. उमरठच्या रंगूबाईने लडी नखाने खरवडली, दाताने ओढली, थुंकी लावून रंग जातो का बघितलं आणि मग घेतली. तिच्या सुनेला, आवडीला, दिवाळीच्या सुमारास मुलगा झाला होता. बारशाला तिने लडीतून दोन तुकडे तोडले. एक मी, त्या पोराच्या, कुशाच्या कमरेला. दुसरा माझा भाऊ, पाळण्याच्या दांडीला. पोरासंगं पाळण्यालाही दृष्ट लागते म्हणून. मला बांधताना तिने लांब शेपूट राखलं. म्हणाली, "पोर वाढंल तसा सैल कराया होईल."

एवढं शहाणपण बोलली आणि विसरून गेली. माणसांचं असंच असतं.

कुशा बापाच्या वळणाचा, लांबट, बारीक हाडाचा. प्यायचा, झोपायचा, उठला की पाय झाडायचा. सगळं बरं चाललं होतं. मग शिमगा आला आणि मुंबईच्या गिरणीतून कुशाचा बाप चांगू आला.

त्याने पत्र्याचा एक डबा आणला. विलायती दुधाच्या भुकटीचा. आत भुकटी नव्हती, कुणा साहेबाच्या घरचा रिकामा डबा होता. पण त्यावर चित्र होतं: गोरं पोर, लाडवासारखे गाल, मनगटाला वळ्या, हसत बसलेलं. डबा फळीवर देवाशेजारी बसला. जो येई तो आधी डब्याकडे बघे, मग कुशाकडे, मग आवडीकडे.

"आये," चांगू निघताना म्हणाला, "गवरी-गणपतीला येईन. पोर असाच काटकुळा दिसला तर मुंबईला नेतो. बहिणीला मूल नाय, ती डब्याच्या दुधावर पोसंल. हिच्या दुधात दम नाय."

आवडी चुलीशी होती. फुंकणी तोंडाशी तशीच राहिली.

मग औषधपाणी सुरू झालं. रंगूबाईने मीठमिरच्या ओवाळल्या, वेखंड उगाळलं, सकाळ-संध्याकाळ पोराला हातावर तोलून "फुलावानी हलका" म्हणाली. पाऊस लागला तसा कुशा रांगायला लागला. दिवसभर ओटी, पडवी, चुलीची राख. रांगणाऱ्या पोराच्या मांड्या उतरतात आणि हाडं वाढतात, हे मला पोटाशी राहून कळत होतं. वरून बघणाऱ्यांना मांड्याच दिसत होत्या.

शेजारची प्रयागबाई येऊन बसायची. "माझा नातू ह्याच्या मागनं झाला, पन कसा भोपळ्यावानी हाय. बसवला तिथं बसतो."

"ह्यो बसतच नाय गो," रंगूबाई कण्हायची. तोवर कुशा प्रयागबाईच्या चंचीतली सुपारी घेऊन पसार झालेला असायचा.

आवडी तेवढी मला चाचपायची. आधी माझ्याखालून तिची दोन बोटं जायची, मग एक, मग एकही जाईना. एकही गेलं नाही की ती गालात हसायची. पण पोर कुरकुरला की रंगूबाई धावत यायची, मला चिमटीत धरायची आणि म्हणायची, "आटला बघ दोरा, पावसानं." मग शेपटातून थोडा सोडून पुन्हा गाठ मारायची. असं कैक वेळा झालं. शेवटी ती बिरवाडीच्या दुकानदाराशी भांडून आली.

"आटनारा दोरा देतोस व्हय रे? नातवाचं पोट कापतोय."

"मावशे, दोरा नाय आटत. पोट वाढलं असंल."

"पोर वाळून चाललाय आनी तू मला पोटाचं सांगतोस."

गणपतीला चांगू आला. आधी डब्याकडे बघितलं, मग कुशाकडे. "तसाच हाय," म्हणाला. गौरी गेल्या आणि मुंबईच्या बोटीसाठी दासगावच्या बंदरावर न्यायला पोराचं गाठोडं बांधलं गेलं. परगावी जाणाऱ्या पोराला नवा करगोटा हवा, म्हणून रंगूबाईने मला सोडलं. माझं शेपूट पार संपलं होतं. ती लडी उलगडायला लागली.

आवडी दाराला टेकून उभी होती. ती सासूला म्हणाली, "आत्ये, तो बी आटंल."

"आटला तर तिथं त्याची आत्या सैल करील."

"मग पाळण्याचा का नाय आटला?"

"कुठला?"

"त्याच लडीतला. पोरानं मुतून भिजवलाय, पागोळीखाली चिंब झालाय. बघा घट झालाय का."

रंगूबाईने उठून माझ्या भावाला ओढून बघितलं. बारशाला होता तसाच लोंबत होता. ती चिडली. "त्यो कशाला घट व्हईल? पाळना काय जेवतो? पाळना काय वाढतो गो?"

बोलली, आणि आपलंच बोलणं तिच्या कानांत शिरलं. मग खाली बसून तिने मला मांडीवर सरळ केलं. जिथं जिथं गाठ सुटली होती तिथं तिथं माझ्या अंगाला मोड होता. मोडावरून ती अंगठा फिरवत राहिली.

"पन डब्यावरचा पोर बघ," चांगू पुटपुटला.

"त्याचं नका सांगू," आवडी म्हणाली. "शिमग्याला बसला होता तिथंच बसलाय. दात बी आला नाय त्याला."

आपला पोर दाराची चौकट धरून उभा होता आणि त्याच डब्याचं झाकण नव्या दातांनी चावत होता.

रंगूबाईने गाठोडं सोडलं. चूक झाली असं काही म्हणाली नाही. "कालवन निवतंय," एवढंच म्हणाली. चांगू एकटाच बोटीवर गेला.

आता रंगूबाई गावभर सांगते, नातवाला दोरा पुरत नाही. प्रयागबाईने लगेच विचारलं, पोर वाढवणारा दोरा कुठल्या दुकानात मिळतो. बिरवाडीचा दुकानदार सुखात आहे.

आवडीने मला फेकू दिलं नाही. फळीसमोरच्या खुंटीला अडकवलंय, डब्याच्या समोर. लोकहो, तुमच्या पोराला शेजारच्याशी ताडू नका. त्याच्याच कालच्या करगोट्याशी ताडा. डब्यावरचा पोर रोज माझ्याकडे बघून हसतो. हसू दे बापडा. बारशाचा दोरा त्याला जन्मभर पुरेल.