देण्याची पायली

मित्रांनो, मी एक जुनी पायली आहे. पायली म्हणजे धान्य मोजायचं लोखंडी माप. जुन्या वस्तू आपली हकीकत सांगू लागल्या की बहुधा गाऱ्हाणी सांगतात. आम्ही इतकी वर्षं राबलो आणि शेवटी आम्हाला अडगळीत टाकलं, म्हणतात. मला अडगळीत टाकलं ते योग्यच झालं. मला गाऱ्हाणं नाही, मला लाज वाटते. मला मान असती तर ती मी केव्हाच खाली घातली असती. तेवढीही सोय नाही, म्हणून तुमच्याशी बोलते आहे.

माझा जन्म औंढ्याच्या एका लोहाराकडे झाला. पुसेगावजवळच्या एका खेड्यातून माझा पुढचा मालक भिवाजी, त्याचे वडील आले आणि त्यांनी एकदम दोन पायल्या घडवून घेतल्या. आम्ही दोघी जुळ्या बहिणींसारख्या दिसायचो. काठ तसाच, कडी तशीच. पण माझ्या पोटात, तळापासून बोटभर वर, त्यांनी आणखी एक पत्रा बसवून घेतला. खाली पोकळी राहिली. वरून पाहणाऱ्याला काही समजायचं नाही, पण माझ्यात बहिणीपेक्षा चांगली ओंजळभर ज्वारी कमी मावायची. घरात धान्य यायचं ते बहिणीने मोजून. मजुरांना रोजाचं धान्य बाहेर जायचं ते माझ्याने. ती घेण्याची पायली, मी देण्याची.

तरुणपणी मला याचं काही वाटत नसे, हे कबूल करते. उलट मी तोऱ्यात असायची. गावातल्या दुसऱ्या कुठल्याही मापाला माझ्यासारखी चकाकी नव्हती. आमच्याकडे धान्य मोजताना पहिल्या मापाला 'एक' म्हणत नाहीत, 'लाभ' म्हणतात. लाभ, दोन, तीन, चार, अशी मोजणी चालते. मजूर बाई पदर पसरून उभी राही, तिच्या पदरात मी रिती होई आणि घरचं माणूस 'लाभ' म्हणे. लाभ कुणाचा होत होता, ते मला एकटीला ठाऊक होतं.

एकटीला म्हणजे अगदीच एकटीला नाही. भिवाजीची बायको जनकाबाई, तिलाही ठाऊक होतं. धान्याच्या कोठीची किल्ली तिच्याच कमरेला असायची. लग्न होऊन आली तेव्हा सासूने तिला सांगितलं होतं, उजव्या खुंटीवरची घ्यायची, डाव्या खुंटीवरची द्यायची. नवी नवरी सासूला का म्हणून विचारणार? पुढे एकदा मला घासताना तिचं बोट आतल्या पत्र्यावर अडलं आणि सगळं उमगलं. पण तोवर हाताला सवय झाली होती. जनकाबाई वाईट बाई नव्हती. दारातून कुणाला उपाशी जाऊ द्यायची नाही. तरी मजुरी द्यायची वेळ आली की तिचा हात डाव्या खुंटीकडेच जायचा.

बहात्तरच्या दुष्काळात आमच्या भागात खडी फोडायची कामं निघाली आणि आदिलाबादकडून काही तेलुगू माणसं पोटासाठी इकडे आली. त्यांत लखमा होता. बरोबर बायको पद्माबाई आणि दोन लहान मुली. पाऊसपाणी झाल्यावर बाकीचे परत गेले, लखमा राहिला. तिकडे त्याची जमीन नव्हती, घरही नव्हतं. तो पाथरवट होता. गुळगुळीत झालेल्या जात्याला छिन्नीने टाकी लावून ते पुन्हा खरखरीत करावं तर लखमानेच, असं बायका म्हणू लागल्या. टाकी लावायच्या आधी तो दगडावर बोटाच्या पेराने टकटक करायचा आणि कान द्यायचा. दगड आतून फुटका असला की बोदा वाजतो म्हणायचा. पोरीसोरी त्याच्या बोलण्याची नक्कल करून हसायच्या, आणि तोही त्यांच्यात हसायचा.

पंचाहत्तर साली त्याच्या गालात आतून एक फोड आला. तंबाखूने आला असेल म्हणून महिना गेला, दात किडला असेल म्हणून दुसरा गेला. दिवाळीनंतर गावाने एसटीच्या भाड्यापुरते पैसे गोळा केले आणि त्याला नांदेडला नेलं. तिथल्या डॉक्टरांनी क्यान्सर सांगितला. आता आणखी मोठ्या शहरात नेऊनही उपयोग नाही, पाच-सहा महिने काढले तर खूप, असं म्हणाले. लखमाच्या हातातलं काम सुटलं. आजाऱ्याला आणि पोरींना टाकून पद्माबाईला रोजाने जाता येईना. परमुलखात त्यांना ना भाऊ ना भावकी.

तेव्हा गावातला म्हातारा सुतार सोनाजी पारावर म्हणाला, "भीक म्हनून देऊ नका, तो घ्यायचा न्हाई. गावातल्या समद्या जात्यायला त्यानं टाकी लावली. त्याचं बलुतं धरा. आठवड्याला चार पायल्या ज्वारी. तीन खायाला, एक इकून औषधाला."

मला आजही त्या म्हाताऱ्याचं कौतुक वाटतं. घराघरातून ज्वारी निघाली. भिवाजीच्या कोठीला ओल येत नसे, म्हणून ती त्याच्या घरी साठवायचं ठरलं. येणारी ज्वारी अर्थातच माझ्या बहिणीने मोजून घेतली. पहिल्या बाजाराच्या दिवशी पद्माबाई आली, पदर पसरून उभी राहिली आणि जनकाबाईचा हात सवयीने डाव्या खुंटीकडे गेला. कुणी काही ठरवलं नव्हतं. द्यायचं म्हटल्यावर देण्याची पायली, इतकंच.

"लाभ," जनकाबाई म्हणाली. पद्माबाई हसली. आमच्या तेलुगूतही असंच म्हणतात, असं तिने मोडक्यातोडक्या मराठीत सांगितलं.

असे आठवडे जात राहिले. चार पायल्यांमागे चार ओंजळी कोठीतच राहत होत्या. गावात मात्र भिवाजीच्या घराचं नाव झालं. परक्या माणसाला यांनी हात दिला, असं लोक बोलत आणि भिवाजी ऐकून घेई. माझा तोरा तेव्हाच उतरला. मजुरांच्या बाबतीत तो आधीच का उतरला नाही, असं तुम्ही विचाराल. विचारा, विचारायलाच हवं.

संक्रांतीच्या सुमारास लखमा स्वतः आला. गाल सुजला होता, बोलणं तोंडातल्या तोंडात राहायचं. फुकट खात नाही, जातं द्या, म्हणाला. अंगात ताकद नव्हती तरी दिवसभर बसून त्याने जनकाबाईच्या जात्याला टाकी लावली. संध्याकाळी पद्माबाई ज्वारी न्यायला आली. मोजून झाल्यावर जनकाबाईने मला लखमाजवळच जमिनीवर ठेवलं. त्याने मला उचललं आणि जन्माच्या सवयीने माझ्या तळावर पेराने टकटक केलं.

मी बोदी वाजले.

त्याने पुन्हा एकदा वाजवलं. मग त्याने वर जनकाबाईकडे पाहिलं. जनकाबाईचा चेहरा उतरला. लखमाने मला हळूच खाली ठेवलं, हात जोडले आणि बायकोच्या खांद्याचा आधार घेऊन तो निघून गेला. मित्रांनो, तो ओरडला असता, त्याने मला अंगणात भिरकावलं असतं तर बरं झालं असतं.

जनकाबाई नवऱ्याला म्हणाली, "लखमाला कळलं. आता मी दुसऱ्या पायलीनं देते."

भिवाजी म्हणाला, "आन् आतापतोर कोनत्या पायलीनं देल्लं म्हून इचारलं तर? उद्या रोजानं येनाऱ्या समद्या बाया दारात उभ्या ऱ्हातील. जे चालून राहिलं ते चालू दे."

तिने मला परत डाव्या खुंटीला अडकवलं. पण आता मोजताना ती पद्माबाईकडे पाहत नसे. एकदा तिने चार झाल्यावर पाचवं माप भरलं. पद्माबाईने झटकन पदर आवरला. "चार झाले, अक्का. ठरलं तेवढंच. जास्ती नेलं तर आमी भिकारी व्हतो." जनकाबाई माप हातात धरून तशीच उभी राहिली. हे जास्ती नाही, हे तुझंच आहे, एवढंच तिला म्हणायचं होतं. ते म्हणायचं तर आधीचं सगळं सांगावं लागलं असतं. तिने पाचवं माप परत कोठीत ओतलं. शरमेने माझं लोखंड गार पडलं म्हटलं तर तुम्हाला खोटं वाटेल, पण तसंच झालं.

चैत्रात लखमा गेला.

लेकरं मोठी होईपर्यंत बलुतं चालू ठेवायचं, असं गावाने ठरवलं. दहावा झाल्यावर पद्माबाई पदर पसरून दारात आली. त्या दिवशी गव्हाच्या कापणीच्या बायाही मजुरी घ्यायला अंगणात थांबल्या होत्या. जनकाबाईने मला खुंटीवरून काढलं आणि सगळ्यांच्या देखत जमिनीवर उपडं घातलं.

"पद्मा, ही पायली खोटी हाये," ती म्हणाली. "आत पत्रा हाये. तुला पैल्या दिवसापासून कमी देल्लं. लखमाला कळलं, तरी त्याच्या पुढंबी कमीच देत ऱ्हायले. मागचं समदं भरून देते."

बायांत रूपाबाई पुढे उभी होती. तिने हातातली टोपली खाली ठेवली आणि ती नुसती माझ्याकडे पाहत राहिली. वीस वर्षं ती माझ्याने मोजलेली मजुरी नेत होती.

पद्माबाईला मात्र नवल वाटलं नाही. "ठावं हाय, अक्का," ती म्हणाली. "त्यानं त्याच दिशी सांगितलं. म्हनला, बोलू नको. बोललो तर हे बी बंद व्हईल."

मग म्हणाली, "जेवायला बसलं की आपलं ताट पोरीकडं सारायचा. मला गिळवत न्हाई म्हनायचा. गिळवत व्हतं, अक्का. ज्वारीचा पातळ घाटा शेवटपतोर गिळवत व्हता. तुमी आता भरून देताल. त्याचा घास कोनाच्या तोंडात घालू?"

जनकाबाईने माझ्या बहिणीला खाली काढून तिने चार पायल्या मोजल्या, मोजताना तोंडाने आकडे म्हटले नाहीत. पद्माबाईने त्या पदरात घेतल्या, कारण घरी दोघी पोरी भुकेल्या होत्या.

दुसऱ्या दिवसापासून मी अडगळीत आहे. मला तेल लावा, माझा गंज काढा, असं माझं मागणं नाही. मला गंजूच द्या. मागणं एवढंच, की कुणाला काही द्यायचं कबूल केलंत तर ते पुरतं द्या. घेणारा गप्प आहे म्हणून त्याला पुरलं, असं धरून चालू नका. लखमा तीन महिने गप्प होता, आणि त्याला पुरत नव्हतं.