चाळीस शब्द, पाण्याच्या वाटेनं

तिला सगळे पाणीवाली म्हणत. पाणीवाली म्हणजे पाणी विकणारी नव्हे. तळ्यातून निघालेल्या कालव्यावर चौतीस दारं होती, ती उघडायची आणि बंद करायची हे तिचं काम. कुणाच्या शेताची पाळी कधी, किती तासांची, सगळं तिच्या डोक्यात. बावीस वर्षं लोखंडी चाकं फिरवून तिचे तळहात असे निबर झाले होते की चुलीवरचं भांडं ती फडक्याशिवाय उतरवायची, आणि कुणी बघत असेल तर जरा सावकाश उतरवायची. पाणीवाटप संस्थेत काम करणारं माणूस ती एकटीच. बाकीचे पदाधिकारी होते.

या पदाधिकाऱ्यांनी एके दिवशी कालवा मोडीत काढून नळ आणि ठिबक आणायचं ठरवलं. चर खणले, नळ टाकले, पंपाशेजारी एक चुना फासलेली खोली बांधली आणि तिच्यात कपाटाएवढं पॅनेल उभं केलं. आता दारं नकोत, चाकं नकोत. खुर्चीत बसून बटण दाबलं की झालं. फक्त पॅनेलवरचं अक्षरन् अक्षर इंग्रजी होतं, आणि पॅनेल बसवणाऱ्या कंपनीची अट होती की खुर्चीत बसणाऱ्याला चाळीस शब्द तोंडपाठ हवेत. नाहीतर कंपनी आपला माणूस पाठवणार. परीक्षा अठरा दिवसांनी.

अध्यक्षांनी ही बातमी तिला फार गोड आवाजात सांगितली. "तुम्ही काळजी करू नका. तुम्हाला आम्ही फिरतीवर ठेवू."

"फिरतीवर म्हणजे काय करायचं?"

अध्यक्षांनी विचार केला. "म्हणजे... फिरायचं."

त्या रात्री तिला जेवण गेलं नाही. पगाराचं जाऊ दे, पगार फिरतीवरही मिळाला असता. पण पाणी दुसऱ्याच कुणाच्या हातात असेल आणि आपण नळाच्या कडेकडेनं नुसतं चालत असू, हे चित्र काही केल्या डोळ्यांसमोरून हलेना. शेवटी तिनं जे तीस वर्षांत केलं नव्हतं ते केलं. नणंदेच्या खोलीचं दार वाजवलं.

नणंद इंग्रजीची निवृत्त शिक्षिका. दोघींचं भांडण कधी झालं नव्हतं, कारण दोघी एकमेकींशी भांडण होईल इतकं बोलतच नसत. नणंदेनं चष्मा काढला, पुसला, परत घातला.

"वन्सं, मला इंग्रजी शिकवा."

"कुठल्या इयत्तेपासून?"

"पाण्यापासून."

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी शिकवणी सुरू झाली. कंपनीनं शब्दांची यादी दिली होती, ए, बी, सी, डी अशी लावून. नणंदेनं आयुष्यभर मुलांना असंच शिकवलं होतं. एअर व्हॉल्व्ह, बूस्टर, कपलर, ड्रेन. पाणीवाली मान डोलवायची, दहा वेळा लिहायची, आणि सकाळी उठली की पाटी कोरी. सहाव्या दिवशी आठ शब्द येत होते, त्यातले तीन चुकीचे.

"अगं, शेंबडी पोरं शिकवली मी," नणंद म्हणाली. "तुझ्यापुढे मात्र हात टेकले."

"मग काय तर! एअर व्हॉल्व्हच्या पुढे बूस्टर कुठून आला? तो तर पार लांब, चढावर बसवलाय. आणि ड्रेन आत्ताच? अजून पाणी सोडलं नाही तोवर तुम्ही ते वाहून घालवलंत!"

नणंद रागावून उठणार होती. पण ती शिक्षिका होती, आणि चांगली शिक्षिका होती. ती तशीच बसून राहिली. मग म्हणाली, "उद्या सकाळी मी तुझ्याबरोबर येते."

आली. घरातली स्लिपर घालून, हातात खडू घेऊन, उघड्या चरातल्या चिखलातून साडी सावरत आली. तळ्याच्या काठावर उभं राहून तिनं समोर बोट दाखवलं. "रिझर्व्हायर."

"आणि पाणी आत शिरतं ते तोंड?"

"इनटेक."

पाणीवालीनं तिच्या हातातून खडू घेऊन नळावर मोठ्या अक्षरांत मराठीत आणि त्याखाली इंग्रजीत लिहिलं, इनटेक. मग पंप, मग फिल्टर, मग मेनलाइन, सबमेन, व्हॉल्व्ह, झाडांच्या ओळीतली बारीक नळी ती लॅटरल, थेंब टाकणारा तो ड्रिपर, आणि शेवटी मुळांभोवतीची ओली माती, रूट झोन. वाटेत एअर व्हॉल्व्ह भेटला, बूस्टर भेटला, आपापल्या जागी गुमान बसलेले. चार फेऱ्यांत चाळीसच्या चाळीस शब्द झाले. पाणीवाली तळ्यापासून निघायची आणि एका दमात मुळापर्यंत पोचायची. पाचव्या फेरीला ती चक्क गात होती, आणि नणंद चिखलात अडकलेली स्लिपर उपसत ठेका धरत होती.

त्या रात्री ताटावर बसल्या बसल्या नणंदेनं सहज विचारलं, "लॅटरल म्हणजे काय?"

पाणीवालीनं डोळे मिटले. "रिझर्व्हायर, इनटेक, पंप..."

"ते नको. नुसतं लॅटरल."

"...फिल्टर, मेनलाइन, सबमेन, व्हॉल्व्ह, लॅटरल! झाडांच्या ओळीतली बारीक नळी."

"ड्रिपर?"

"रिझर्व्हायर, इनटेक..."

नणंदेनं घास खाली ठेवला. "अगं, मधूनच सांगता येत नाही का?"

"मधूनच कसं सांगू वन्सं? वरून सोडल्याशिवाय खाली पाणी येतं का कधी?"

उरलेले दिवस नणंदेनं जंग जंग पछाडलं. जिना चढताना विचारलं, केस विंचरताना विचारलं, एकदा तर न्हाणीघराच्या दाराबाहेरून विचारलं. आतूनही तळ्यापासूनच सुरुवात झाली.

परीक्षेला कंपनीकडून एक इंजिनिअरबाई आल्या. किडकिडीत, कमी बोलणाऱ्या, बुटांना चिखल. पाणीवालीला तो चिखल पाहून जरा धीर आला. पॅनेलच्या खोलीत एका बाजूला पदाधिकारी बसले, दाराशी नणंद.

"ड्रिपर," इंजिनिअरबाई म्हणाल्या.

पाणीवालीनं डोळे मिटले आणि तळ्यातून पाणी सोडलं. पदाधिकाऱ्यांत खसखस पिकली. इंजिनिअरबाईंनी पेन खाली ठेवून पाणी पोचेपर्यंत वाट पाहिली. दुसरा शब्द, पुन्हा तळ्यापासून. तिसरा, पुन्हा. सहाव्या शब्दाला अध्यक्ष घड्याळ बघत म्हणाले, "अशानं आपल्याला इथे मुक्काम करावा लागेल."

"शब्द येतात तुम्हाला," इंजिनिअरबाई शांतपणे म्हणाल्या. "एकही चुकला नाही. पण बाई, इथे लाल दिवा लागला की तळ्यापासून मोजत बसायला वेळ नसतो. तोवर पीक सुकेल."

पाणीवालीच्या तोंडचं पाणी पळालं. बाईंचं म्हणणं खरं होतं, म्हणून तर जास्तच लागलं. दाराशी नणंदेनं मान खाली घातली होती.

"एकच प्रश्न विचारते, शेवटचा. अगदी खालच्या शेतात पाणी कमी येतंय. काय काय बघाल? इंग्रजीत सांगा."

पाणीवाली खुर्चीतून उठली. बिघाड तिनं आजवर कधी बसून शोधलाच नव्हता. या वेळी तिनं डोळे मिटले नाहीत.

"रूट झोन. ड्राय," ती म्हणाली आणि पॅनेलपासून दाराकडे एक पाऊल गेली. "ड्रिपर. चोक्ड?"

इंजिनिअरबाई दचकल्या. मग म्हणाल्या, "नो."

"लॅटरल. लीक?"

"नो."

"व्हॉल्व्ह. ओपन?"

"येस, ओपन."

नणंदेची मान वर झाली. ही उलटी वाट त्या दोघी एकदाही चालल्या नव्हत्या. पण कालव्यावर पाणी कमी पडलं की पाणीवाली बावीस वर्षं अशीच, शेवटच्या शेतापासून उलटी, दार न् दार तपासत चढत आली होती. आता ती त्या खोलीत नव्हतीच.

"सबमेन. लीक?"

"नो."

"मेनलाइन. लीक?"

"नो!" इंजिनिअरबाईही आता उभ्या राहिल्या होत्या.

"फिल्टर. प्रेशर बिफोर?"

"थ्री."

"प्रेशर आफ्टर?"

"वन."

पाणीवाली थांबली. "फिल्टर चोक्ड. बॅकवॉश," ती म्हणाली, हातानं पाणी उलटं सोडून धुतल्याची खूण केली, आणि परत येऊन खुर्चीत बसली.

"अहो, पंप राहिला की," अध्यक्ष म्हणाले. "इनटेक राहिला. तळं राहिलं."

"बिघाड सापडला ना?" पाणीवाली म्हणाली. "मग तळ्यापर्यंत कशाला जाऊ? उगीच फिरायला?"

इंजिनिअरबाई इतक्या मोठ्यानं हसल्या की पदाधिकाऱ्यांनाही हसावं लागलं. "माझी माणसं पंपापासून सुरू करतात," त्या म्हणाल्या, "आणि अर्धा दिवस घालवतात." त्यांनी कागदावर सही केली आणि पॅनेलची किल्ली पाणीवालीच्या हातात ठेवली. त्या निबर तळव्याला किल्लीचं वजन कळलंसुद्धा नसेल, पण डोळ्यांना कळलं. ते भरून आले, आणि तिनं ते लपवले नाहीत.

अध्यक्ष उभे राहिले, खाकरले. "आजच्या या आनंदाच्या प्रसंगी..."

"किती वाजले?" पाणीवालीनं विचारलं.

"अकरा वाजून दहा मिनिटं. का?"

"अगं बाई! अकराची पाळी!" कालवा अजून आठवडाभर चालू राहणार होता, आणि सातव्या दाराखालचं शेत दहा मिनिटं कोरडं बसलं होतं. किल्ली कमरेला खोचून ती बाहेर पडलीसुद्धा. "वन्सं, चला लवकर!"

नणंदेला जायचं काही कारण नव्हतं. तरी तिनं स्लिपर हातात घेतल्या आणि ती त्या वयात, अनवाणी, भावजयीच्या मागून बांधावरून धावत सुटली. धावताना ती ओरडून विचारत होती, "व्हॉल्व्ह म्हणजे काय गं?"

"ते काय विचारता?" पुढून उत्तर आलं. "आता उघडायचाय तो!"

अध्यक्षांचं भाषण खोलीत एकटंच चालू होतं, आणि बांधावर दोघी इतक्या हसत होत्या की दाराचं चाक फिरवायला दोघींचे चारही हात लागले.