चेअरमनच्या अंगणातल्या अळ्या

गल्लीतल्या डासांचा बंदोबस्त व्हावा म्हणून समिती निघाली आणि तिचं अध्यक्षपद शिलाईवालीच्या नवऱ्याकडे चालत आलं. चालत म्हणजे, दुसरं कोणी तयारच नव्हतं. तेव्हापासून सगळे त्यांना 'चेअरमन' म्हणू लागले. शिलाईवालीला हसू यायचं, पण त्यांना ते मनापासून आवडायचं.

ती व्हरांड्यात मशीनवर बसली की डास पाय फोडून काढायचे.

"अहो, स्कूटरवरच्या ताडपत्रीत पाणी साचलंय. ओतून टाकू का?"

"हात लावू नकोस. रंगाला ओरखडे पडतील."

तीनदा विचारून तिने नाद सोडला. चेअरमनना सांगणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी. अंगणातलं भांडं मात्र एकही पालथं नव्हतं.

चेअरमनचा सगळा राग शेजारच्या नर्सबाईंवर. त्यांच्याकडे चाळीस कुंड्या. 'आपल्या अंगणामुळे गल्लीचं आरोग्य धोक्यात आलं आहे,' असं पत्र चेअरमननी नर्सबाईंना धाडलं, एकदा नव्हे, चारदा. शेवटी आरोग्य खात्याचा निरीक्षकच बोलावला.

निरीक्षक बॅटरी घेऊन नर्सबाईंकडे अर्धा तास वाकून फिरला. कुंड्यांखालच्या बशांत वाळू, पिंपावर घट्ट जाळी. एक अळी सापडेल तर शपथ. बाहेर येऊन त्याने चेअरमनना विचारलं, "आता तुमचंही बघून घेऊ?"

"बघा की!" चेअरमननी छाती काढली.

शिलाईवालीने मशीन थांबवलं. निरीक्षकाने ताडपत्रीच्या खळग्यात उजेड टाकला. आत अळ्यांची जत्राच भरली होती.

"या आमच्या नव्हेत," चेअरमन म्हणाले. "शेजारून आल्यात."

"काका, अळ्यांना पंख नसतात."

कुंपणापलीकडे नर्सबाई खोकल्या. तो खोकला नव्हता हे शिलाईवालीला कळलं, आणि तिला आधी लाज वाटली, मग फार बरं वाटलं. निरीक्षकाने फाटकावर नोटीस डकवली. चेअरमन तडक आत गेले आणि निरीक्षकाविरुद्ध तक्रार लिहायला बसले.

तिने न विचारता ताडपत्री ओढली. नर्सबाई पदर खोचून आल्या. दोघींनी पाणी कोरड्या मातीवर ओतलं, बादल्या उपड्या केल्या, तुंबलेली पन्हळ मोकळी केली. पुढच्या रविवारी समोरच्या दोघी आल्या, मग सगळी गल्लीच दर रविवारी अंगणं पालथी घालू लागली. कोणी ठराव केला नाही, सभा घेतली नाही.

महिनाभराने धाकटा दीर भेटायला आला. व्हरांड्यात निवांत बसून म्हणाला, "दादा, यंदा डास नाहीत की!"

"पत्रव्यवहार केला ना," चेअरमन म्हणाले. "चार पत्रं लिहिली."

शिलाईवालीच्या ओठांत टाचण्या होत्या. तिने त्या एकेक करून काढून डबीत ठेवल्या.

"हो ना, भाऊजी," ती म्हणाली. "डास शिकलेले होते. यांचं अक्षर बघूनच गेले."

दिराला ठसका लागला. चेअरमन म्हणाले, "तेच तर मी म्हणतोय."