बोंबलाचा कॅन्सर

आशागडच्या चिकूवाडीत त्या रविवारी पाय ठेवायला जागा नव्हती. डहाणूहून, तलासरीहून, पार गुजरातच्या हद्दीपलीकडूनही टेम्पो भरभरून माणसं आली होती. विषहरनाथ महाराज तोंडाचा कॅन्सर सुरी न लावता, सुई न टोचता, उभ्याउभ्या काढत होते. मोठमोठ्या इस्पितळांना जे वर्षानुवर्षं जमत नाही, ते महाराज मंत्र संपायच्या आत उरकत. देवानं त्यांना शक्तीबरोबर घाईही भरपूर दिली होती.

रीत सोपी होती. भक्तानं आ करायचा. महाराज हळदीच्या पाण्यात भिजवलेला फडक्याचा बोळा दुखऱ्या गालात फिरवायचे. आत गेलेला पिवळाधमक बोळा लालभडक होऊन बाहेर यायचा.

"देखो! झेर निकळ्युं! सगळं विष बाहेर!" महाराज हिंदी, गुजराती, मराठी अशा तिन्ही भाषांत एका दमात गर्जायचे. एकही गिऱ्हाईक हातचं जायला नको. मग तोच बोळा ते चिंचेच्या 'तीर्थात' बुडवायचे आणि लाल रंग जाऊन पुन्हा पिवळा यायचा. म्हणजे विष जळालं. की जयजयकार!

नियम एकच होता: दर्शनाआधी चूळ भरायची नाही, पुण्य वाहून जातं. तंबाखूला मात्र बंदी नव्हती. रांग हलेना, ऊन चढत चाललेलं, तेव्हा वेळ काढायला जो तो तळहातावर तंबाखू-चुना मळून गालात सोडत होता. कॅन्सर घालवायला आलेली माणसं उभ्याउभ्या कॅन्सरची बेगमी करत होती, आणि कुणाला त्यात काही वावगं वाटत नव्हतं.

हिनाला वाटत होतं. ती शाळेत विज्ञान शिकवायची, पण आज आली होती ती बापाच्या काळजीनं. तिचे वडील भिकू धाकट्या डहाणूचे, उभा जन्म होडीवर गेलेला. डाव्या गालात पांढरा चट्टा पडला होता आणि तोंड पुरतं उघडत नव्हतं. दातांच्या डॉक्टरनं बजावलं होतं, सोमवारी या, तुकडा काढून तपासायला पाहिजे. वादळाला न भिणारा माणूस त्या एवढ्याशा सुरीला भ्याला होता.

"सुरी लागली की पसरतं ते," भिकू रांगेतही तेच म्हणाला. "आपल्या आळीतला एक जण गाल कापून आला नि महिन्यात गेला की!"

"पप्पा, कापल्यानं नाही गेला तो. त्यानं दाखवायलाच उशीर केला."

"गप गं," आई मालू दटावून म्हणाली. "नवस बोललेय मी." मालूच्या काखेत सुक्या बोंबलाची पिशवी होती. देवदर्शनाला निघाली तरी ती पिशवी सोबत असायचीच. आधी पुण्य, मग बाजार.

भिकूचा नंबर लागला. बोळा लाल झाला, तीर्थात पिवळा झाला.

"गेला तुझा रोग," महाराज म्हणाले. "आता डॉक्टरकडे गेलास तर रागावून परत येईल."

"आणि तंबाखू, महाराज?" भिकूनं विचारलं.

"खा की! माझं नाव घेऊन खा."

आंधळा मागतो एक डोळा, देव देतो दोन! भिकूच्या डोळ्यांत पाणी आलं. हिनाला मात्र कळून चुकलं: उद्या आता हा माणूस दवाखान्याची पायरी चढणार नव्हता. भिकूनं त्याच आनंदात डबी काढून बोटावर चुना घेतला. हिना त्या चुन्याकडे बघतच राहिली. चुना आणि हळद. कुंकू दुसरं कशाचं करतात?

"महाराज, आमच्यात आणखी एक पेशंट आहे," ती म्हणाली. वडिलांच्या बोटावरचा चुना तिनं घेतला, आईच्या पिशवीतून एक बोंबील ओढला, पाण्याचा हात लावून त्याला चुना चोपडला आणि महाराजांच्या ताटातला हळदीचा नवा बोळा त्यावरून फिरवला.

बोळा लालभडक झाला.

"मच्छी? दूर करो! अपवित्र!"

"दूर कशाला? कॅन्सर झालाय बिचाऱ्याला." तिनं बोळा चिंचेच्या पाण्यात बुडवला. पिवळा. "हा झाला बरा! बोंबला, जा आता दर्यात, पोहायला लाग!"

बायकांच्या रांगेत खसखस पिकली. मालूनं कपाळाला हात लावला. "अगं, पण त्यानं जन्मात तंबाखू खाल्ली नाय!"

"तेच सांगतेय, आई. हळदीला चुना लागला की ती लाल होते, आंबट लागलं की परत पिवळी. चूळ भरू देत नाहीत ती तोंडातला चुना वाहून जाऊ नये म्हणून. यांनी रोगाला बोटही लावलेलं नाही. तो आहे तिथंच आहे."

महाराजांना एकाएकी समाधी लागायची वेळ झाली. समाधी गाडीत होती आणि गाडी चालू होती. अर्धी गर्दी शिव्या घालत पांगली. उरलेली अर्धी रांगेतच उभी राहिली. महाराज परत आले तर नंबर कशाला घालवा?

भिकूनं स्वतःच्या तळहाताला चुना फासला आणि त्यावर बोळा पुसला. तळहात लालभडक झाला.

"म्हणजे आहे अजून," तो म्हणाला.

हिनाला रडू आलं. बापाची आशा तिनं स्वतःच्या हातानं मोडली होती. "आहे, पप्पा. म्हणून तर उद्या जायचं."

दुसऱ्या दिवशी तो दवाखान्यात गेला. तुकड्यात कॅन्सर निघाला, पण सुरुवातीचा. ऑपरेशन झालं. गालाचा थोडा भाग गेला, भिकू राहिला.

पुढच्या हंगामात बंदरावर जाळी विणताना तरण्या जतीननं हात पुढं केला. "भिकूकाका, जरा तंबाखू काढा ना."

"सोडली. तू इकडं ये. उन्हाकडं तोंड करून आ कर."

"मला काय दुखत नाय, काका."

"मला तरी कुठं दुखत होतं?"

जतीननं मुकाट्यानं आ केला.

तुम्हीही करा. आरसा घरात आहे, उजेड फुकट आहे. पांढरा किंवा लाल चट्टा, न भरणारी जखम दिसली तर कुणाच्या मंत्राची वाट न बघता डॉक्टर गाठा. आणि तंबाखू, मिश्री, गुटखा आजच टाका. गालातला कॅन्सर कुणी करणी करून घातलेला नसतो. बहुतेक वेळा तो आपणच चिमटीनं आत ठेवलेला असतो.