काकांच्या पाठीतला ठेका

शारजातल्या मराठी मंडळाच्या ऑर्केस्ट्रात ड्रम्स वाजवायची ती मुग्धा. आठवडाभर ऑफिसात अकाउंट्स सांभाळायचे आणि शुक्रवारी सकाळी रोल्ला भागातल्या खैरुद्दीनभाईंच्या गालिच्यांच्या गोदामात तालमीला जायचं, असा तिचा त्या अठ्ठ्याण्णव सालातला नेम. खैरुद्दीनभाई मूळचे रत्नागिरीचे, गाण्याचे शौकीन. गालिचे आवाज पिऊन टाकत, त्यामुळे शेजाऱ्यांची तक्रार नसे. अट एकच, जुम्म्याच्या नमाजाआधी सगळं खलास.

मुग्धाचा हात भलताच जलद. वार्षिक कार्यक्रमात कोळीगीताच्या मध्ये तिला सोलो मिळाला होता. घरी सोफ्याच्या उशांवर ती तो घोटत बसे आणि मुलगी शुभ्रा ओरडे, "आई, प्लीज! आय हॅव होमवर्क!"

घोडं अडलं होतं ते गायकापाशी. सदानंदकाका साठीला आलेले, आवाज अजून खणखणीत. उन्हाळ्यात निवृत्त होऊन ते अलिबागला परतणार होते. पण अलीकडे ते लयीत मागे पडत. मुग्धाला वाटे, काका रेंगाळतायत, यांना जरा ओढायला हवं. एका तालमीत तिने मुद्दाम लय चढवली. काका थोडे धावले, मग त्यांचं सगळंच सुटलं आणि ते माईक धरून नुसते उभे राहिले.

"काका, आधी रेकॉर्ड करून ठेवू या?" डाव्या बाजूने कीबोर्डवाला निखिल म्हणाला. "स्टेजवर नुसते ओठ हलवा."

काका समोर बघत राहिले. ते रागावले नव्हते. त्यांना ऐकूच गेलं नव्हतं. मुग्धाच्या ते लक्षात आलं.

चहाच्या वेळी ती त्यांच्या उजवीकडे जाऊन बसली. "काका, डाव्या कानाने येत नाही ना ऐकू?"

"उजवाही जायला लागलाय," ते हळूच म्हणाले. "डॉक्टर म्हणतात मशीन लावा. कार्यक्रम होऊ दे, मग लावतो. कुणाला बोलू नकोस, पोरी. लोक सांभाळून घ्यायला लागले की गाण्यातली मजा जाते."

"मग लय कशी धरता?"

"तुझे हात बघून. पण तू इतकं काय काय वाजवतेस, त्यातला ठेका कुठला ते कळत नाही."

ते तिला लागलं. काका मागे पडत नव्हते, तिला शोधत होते. पुढच्या तालमीपासून तिने ड्रम्स तिरके मांडले, काकांना हात दिसतील असे, आणि वाजवणं निम्म्यावर आणलं.

"हे काय, शाळेची कवायत?" निखिल चिडला.

"मला असंच बरं वाटतंय," ती म्हणाली आणि बोलणं स्वतःवर घेतलं.

कार्यक्रमाला हॉल भरला होता. कोळीगीत रंगात आलं, आणि लाइटवाल्याला काय हुक्की आली कोण जाणे, त्याने स्टेजवर मंद निळा अंधार केला. काकांना हात दिसेनात. दुसऱ्या कडव्यावर ते चाचरले, मान वळवून इकडेतिकडे बघू लागले.

आता सोलोची जागा होती. मुग्धाने काठ्या मांडीवर ठेवल्या. फक्त पायाने मोठा ड्रम वाजवू लागली, एकसारखा, दणदणीत. स्टेजच्या फळ्या हादरू लागल्या. काकांनी आपल्या पायांखाली पाहिलं. मग एकेक पाऊल मागे येत ते ड्रमला जवळजवळ पाठ लावून उभे राहिले आणि त्यांनी कडवं उचललं. निखिलने क्षणभर डोळे वटारले, मग कीबोर्डवरून हात काढून घेतले. लोकांना वाटलं हे बसवलेलंच आहे. हॉल टाळ्यांनी ठेका धरू लागला. मुग्धाचा पाय भरून आला होता, पण घाई तिने होऊ दिली नाही. काका श्वास घेतील तेवढी जागा ती दर ओळीला सोडत गेली.

गाणं संपल्यावर लोकांनी काकांना गराडा घातला. शुभ्रा स्टेजवर आली. "आई, यू डिडन्ट डू द फास्ट पार्ट!"

"नाही केला," मुग्धा म्हणाली. वाईट वाटत होतं, ते तिने लपवलं नाही.

गर्दीतून वाट काढत काका तिच्यापर्यंत आले. "पाठीत वाजत होतं गं," एवढंच म्हणाले आणि हात तिच्या डोक्यावर ठेवून परत फोटोला गेले.

निखिल जवळ येऊन झांजांचे स्क्रू सोडवू लागला. "ऐकू येत नाही ना त्यांना?"

"ते त्यांचं तेच सांगतील."

त्याने मान हलवली आणि सर्वांत जड ड्रम उचलून गाडीकडे निघाला.