पोटात वजन असलेली गादी

मित्रांनो, मी एक जुनी गादी आहे. झोपायची नव्हे, खुर्चीवरची. मला बघून कुणी हरखून जाणार नाही. कडा फुगीर, मध्ये खळगा, आणि उचलायला जाल तर हात खाली जाईल, एवढी मी जड!

लेक शिकायला परगावी निघाली तेव्हा आईने मला शिवलं. कापूस भरता भरता तिने काहीतरी घट्ट गुंडाळून माझ्या पोटात ठेवलं आणि ते हलू नये म्हणून चहूबाजूंनी टाके घालून माझ्या कापडाशी जखडलं. तेव्हापासून मी आतल्या आत ओढलेली आहे.

त्याच दिवसांत लेक विचारत होती, "बाबांचा तो जाडजूड लोकरी स्वेटर कुठंय?" बाबांना जाऊन वर्षही झालं नव्हतं. "दिला कुणाला तरी," आई म्हणाली. लेकीने ते फार मनाला लावून घेतलं. पुढे फोनवर ती आईशी कामापुरतंच बोलायची.

माझी उमेदीची सगळी वर्षं तिच्या खुर्चीवर गेली. ती न्यूट्रॉन ताऱ्यांचं गणित मांडायची. मोठा तारा संपताना दबून दबून शहराएवढा उरतो, तो न्यूट्रॉन तारा. दुपारच्या उन्हात मला पेंग यायची आणि वाटायचं, आपणही तसाच तारा आहोत, काळोखात गिरक्या घेतोय.

एकदा आई राहायला आली. लेक नेमकी मला टाकून द्यायला निघाली होती. आईने मला झटकन मांडीवर ओढलं आणि विषय बदलत विचारलं, "तू दिवसभर करतेस तरी काय गं?"

"डार्क मॅटर म्हणून एक न दिसणारं द्रव्य आहे. ते ताऱ्याच्या पोटात साठलं असेल, तर त्याला आत ओढेल, पण सावरून धरणार नाही. मग तारा हवा त्याहून लहान भरेल."

"पण आत आहे हे कळायचं कसं?"

"वजन आणि आकार जुळत नाहीत, त्यावरून. तारा उघडून थोडाच बघता येतो?"

आई बराच वेळ माझ्यावरून हात फिरवत राहिली. "हिला उघडून बघता येईल," ती हळूच म्हणाली. "तेव्हा तो स्वेटर हातात दिला असता तर तू कवटाळून रडत बसली असतीस, म्हणून असा सोबत दिला. आणि नंतर सांगायचा धीर झाला नाही बघ."

लेकीने कात्रीने माझी एक शिवण उसवली. आत करडी लोकर दिसली. तिने तिथे तोंड खुपसलं आणि माझा कापूस भिजला. आईने तिला जवळ घेतलं.

स्वेटर तिने बाहेर काढला नाही. स्वतःच मला शिवलं. टाके वाकडे आहेत, पण मला आवडतात.

मित्रांनो, जुनं काही टाकण्याआधी ते एकदा दोन्ही हातांनी उचलून बघा. दिसतं त्याहून जड लागलं, तर घरात कुणाला तरी विचारा. विचारायला माणूस आहे तोवर विचारा.