हॉर्नची तार

जावयाला पैसे उधळायला सांगा, डोकं चालवायला सांगू नका. विल्बेरनं पंपावर पुन्हा सत्त्याण्णव ऑक्टेनचं पेट्रोल भरलं, तेव्हा मोटारसायकलच्या मागच्या सीटवर बसलेल्या एउदोसियाबाईंनी कोकाच्या पानांचा तोबरा या गालातून त्या गालात ढकलला.

"नव्वदचं भरलं असतंस तर गाडी रुसली असती का रे?"

"आई, घाट चढायचाय. भारीतल्यात जोर असतो."

वाद घालायला वेळ नव्हता. घाटापलीकडच्या गावात त्यांची लेक नीवेस पहाटेपासून कळा देत होती आणि बाळ पोटात आडवं होतं. दवाखान्यातली नर्स शहरात गेलेली, दरड कोसळून बस बंद. आडवं मूल हातानं फिरवणारी सुईण त्या टापूत एकच, ती म्हणजे एउदोसियाबाई, आणि त्या नेमक्या जावयासोबत कॉफीच्या सुगीसाठी खालच्या खोऱ्यात उतरलेल्या.

चार हजार मीटरवर मोटारसायकल खोकायला लागली. काळा धूर, मग गचके, मग काहीच नाही. विल्बेर किका मारून घामाघूम झाला. तेवढ्यात बाईंचा फोन वाजला. शेजारीण रडत होती, "बाई, ती आता ओरडतसुद्धा नाही हो! कुठं आहात?"

बाईंनी फोन ठेवला. तो घागऱ्याच्या घडीत खोचला.

"प्लग काढ."

प्लग काजळीनं माखलेला.

"धाकटा जेट कुठाय?"

विल्बेरची नजर किल्लीकडे गेली. खाली खोऱ्यात कार्बोरेटरला पेट्रोल सोडणारा मोठ्या भोकाचा जेट लागतो, वर विरळ हवेत बारीक भोकाचा. म्हणून सुगीला उतरणारा वरचा प्रत्येक माणूस काढलेला धाकटा जेट किल्लीच्या दोऱ्याला बांधून ठेवतो. याच्या किल्लीला पितळी फुटबॉल लटकत होता.

"मेकॅनिककडेच राहिला," तो पुटपुटला. "म्हणून तर महागातलं भरलं..."

"तिला श्वास पुरेना आणि तू पक्वान्न भरवतोस! हॉर्नची वायर तोड."

"आई, तो गाणं वाजवतो..."

"तोड म्हणते ना!"

नवऱ्याच्या गॅरेजात तीस वर्षं काढलेल्या बाईंच्या बोटांनी वायरीतली केसाएवढी एक तार उपसली, मोठ्या जेटच्या भोकातून ओवली, दोन्ही टोकं दुमडली. भोक तेवढंच बारीक झालं. तिसऱ्या किकेला गाडी सुरू झाली.

घाटमाथ्यावर दगडांच्या राशीपाशी सगळे थांबून डोंगरदेवाला आपला एक दगड ठेवतात. बाईंनी वाटेत उचललेला खडा आयुष्यात पहिल्यांदाच चालत्या गाडीवरून भिरकावला. "लेक परत दे," एवढंच म्हणाल्या.

दुपार कलताना बाईंच्या हाताखाली मूल फिरलं. निळी पडलेली मुलगी, दोन चापट्यांनी रडली. नीवेसनं डोळे उघडले.

दारात विल्बेर डोळे पुसत हसला. "बघा आई, पेट्रोल चांगलं होतं म्हणून पोचलो."

बाईंनी रक्ताळलेले हात धुतले, सावकाश पुसले.

"ऐका, जावईबापू. खाली उतरायच्या आधी ती तार काढा, नाहीतर पिस्टन जाळून बसाल. आणि आजपासून गाडीला काय पाजायचं ते मला विचारायचं. पोरीला काय पाजायचं, तेही."